गावची बियाणे बँक: भोगीच्या भाजीपासून मृगाच्या पेरणीपर्यंत

भोगीच्या दिवशी गावातल्या दहा घरी जा आणि भाजीत काय काय पडलंय ते विचारा. पावटा, वाल, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरं, वरून तीळ. मग दुसरा प्रश्न विचारा: यातलं घरच्या बियाण्याचं काय आहे? बहुतेक घरी उत्तर येईल, वांग्याची रोपं नर्सरीतली, पावटा बाजारातला. पण एखाद्या घरी चुलीपुढची आजी सांगेल, "हा पावटा माझ्या माहेरचा. लग्नात आईनं पदराला बांधून दिलेला." बियाणे बँक म्हणजे गावातल्या वाणांचं बी जपायची आणि देवघेवीने ते फिरतं ठेवायची सोय. तुमची बँक त्या आजीच्या घरी आधीच सुरू झालेली आहे. तुम्हाला ती फक्त पाच-पन्नास घरांपर्यंत पोचवायची आहे.

हा लेख ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. आम्ही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका गावात हे काम करतो. भात, नाचणी, वाल ही आमची पिकं. तुमच्याकडे ज्वारी-तूर असेल तर तपशील बदलतील, रीत तीच राहील.

आधी एक गैरसमज दूर करू

"दुकानातलं सगळं हायब्रीड आणि ते जपता येत नाही" असं सरसकट बोललं जातं. ते खरं नाही. संकरित, म्हणजे पाकिटावर एफ-१ लिहिलेलं बियाणं दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं असतं. त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत कुणी आजीवर जातं, कुणी आजोबांवर, आणि शेत एकसारखं राहत नाही. ते जपण्यात अर्थ नाही. पण सुधारित वाण सरळ असतो, म्हणजे पिढ्यान् पिढ्या एकसारखा उगवतो, त्याचं बी धरता येतं. आमच्या भागात इंद्रायणी भाताला लोक बिनदिक्कत गावरान म्हणतात. खरं तर तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ या दोन भातवाणांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. संकर झाल्यावर पिढ्यान् पिढ्या निवड करून तो स्थिर केला, म्हणून आज तो घरच्या बियाण्यावर चालतो. तिसरा प्रकार आपल्या गावरान वाणांचा. ते कुणा एकाने तयार केलेले नाहीत, इथल्या पावसाने, मातीने आणि बायकांच्या निवडीने घडलेले आहेत.

बँकेत पहिला मान गावरान वाणांना द्या. सुधारित सरळ वाण सरकारी केंद्रातूनही मिळतील. आजीचा पावटा आजीबरोबर जाईल.

पहिली पायरी: माणसं

पाच ते सात जण पुरे. त्यात निम्म्याहून जास्त पन्नाशीपुढच्या बायका असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. बी कुठलं धरायचं, कधी उन्हात टाकायचं, कुठल्या गाडग्यात भरायचं हे त्यांच्या हातात असतं. पुरुषांना पेरणीचा हंगाम ठाऊक असतो, बायकांना बियाण्याचा. बरोबर लिहितं-वाचतं, फोनवर फोटो काढणारं एखादं पोर घ्या. गावात चालणारा बचत गट असेल तर वेगळी संस्था काढू नका. नोंदणी, लेटरहेड, फलक या गोष्टींना पहिली दोन वर्षं हात लावू नका.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेची पायरी न चढलेल्या महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी गावरान वाण जमवले, घरात बियाणे बँक उभी केली, ग्रामविकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाल्यावर ते काम परिसरातल्या बायकांपर्यंत नेलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक पुरस्काराबद्दल बोलतात. मला त्यांच्या कामातली सुरुवात महत्त्वाची वाटते: स्वतःची परसबाग, स्वतःचं घर, ओळखीच्या बाया.

दुसरी पायरी: शोध

पौष-माघ हा जमवाजमवीचा काळ. भात झोडून झालेलं असतं, वाल-पावटा निघत असतो, लोकांना बोलायला सवड असते. घरोघरी जा, पण वही उघडून जनगणना करायला आल्यासारखं बसू नका. आधी जेवणाबद्दल विचारा. "बाळंतिणीला कुठल्या तांदळाची पेज द्यायचे?" "पुरणपोळी आता पूर्वीसारखी होत नाही म्हणता, मग पूर्वी गहू कुठला होता?" पदार्थाच्या आठवणीतून वाणाचं नाव बाहेर येतं. नुसतं "तुमच्याकडे जुनं बियाणं आहे का" विचारलं तर "नाही" असंच उत्तर मिळतं.

कुणी बी दिलं तर पसाभरच घ्या. त्यांच्याकडे आहे त्याच्या चौथाईपेक्षा जास्त कधीही नको. आणि त्याच वेळी लिहून घ्या:

वाणाचं तिथलं नाव, देणाऱ्याचं नाव आणि वाडी, त्यांच्याकडे कुणाकडून आलं, जमीन कुठली (भाताचं खाचर, डोंगरउताराची वरकस, माळ), पेरल्यापासून काढेपर्यंत दिवस किती, पाऊस कमी-जास्त झाला तर कसं वागतं, आणि कशासाठी रांधतात. शेवटचा रकाना सोडू नका. वही गावातच राहू द्या. बाहेरचं कुणी मागायला आलं तर गटाला आणि देणाऱ्या घराला विचारल्याशिवाय तिची नक्कलही देऊ नये.

तिसरी पायरी: पाचच वाण निवडा

उत्साहात पहिल्याच वर्षी चाळीस वाण गोळा होतात आणि तिसऱ्या वर्षी चाळीस बाटल्यांत मेलेलं बी उरतं. बी हा जीव आहे, तो दर एक-दोन वर्षांनी रानात जायला हवा. तुमच्या गटाची जमीन आणि हात मोजा, मग पाच-सहा वाण घ्या.

सुरुवातीला स्वतःच्याच परागावर फळणारी पिकं घ्या: भात, गहू, हरभरा, मूग, चवळी, वाल, पावटा. यांचे दोन वाण थोडं अंतर ठेवून लावले तरी फारशी भेसळ होत नाही. वांगी, मिरची, तूर यांच्यावर मधमाश्या बऱ्यापैकी काम करतात, तिथे शेजारी दुसरा वाण नको. मका, बाजरी, मुळा, कांदा आणि भोपळा-काकडी-दुधीची सगळी वेलवर्गीय भावकी यांचा पराग वाऱ्याने किंवा माश्यांनी लांबवर जातो. मका-बाजरीचं बी निदान शे-दोनशे झाडांतून धरावं लागतं, नाहीतर चार-पाच पिढ्यांत पीक खुरटतं. ही पिकं तिसऱ्या-चौथ्या वर्षी घ्या.

तरी भोपळा हवाच असेल तर एक युक्ती आहे. लाल भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात. आदल्या संध्याकाळी उद्या उमलेल अशी एक मादी कळी (तिच्या देठाशी इवलासा भोपळा असतो) आणि दोन नर कळ्या शोधून दोऱ्याने तोंडं बांधा. सकाळी सोडा, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाला लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत चिंधी लावून ठेवा. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, त्यांच्या कळ्या दुपारीच बांधाव्या लागतात. दुधी, काकडी, दोडका यांचं बी धरण्याआधी फळाची एक छोटी फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका, ते बी धरू नका, आणि ते फळ कुणी खाऊही नये. कडू दुधी विषारी ठरू शकतो.

चौथी पायरी: निवड उभ्या पिकात

खळ्यावरच्या ढिगातून बी काढणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. बियाण्याची निवड उभ्या पिकात, कापणीच्या आधी होते. भात पोटरीतून बाहेर पडल्यावर एकदा आणि पिकत आल्यावर एकदा रानातून फिरा. उंचीने वेगळं, लोंबीच्या रंगाने वेगळं, कुसळांनी वेगळं दिसणारं रोप उपटून टाका. रोग पडलेलं काढा. मग रानाच्या मध्यभागातले, बांधापासून आत असलेले सशक्त चूड निवडून त्यांना खूण करा. फक्त सगळ्यांत टपोरी चार लोंब्या घेऊ नका. वाणात जो थोडाफार वेगळेपणा आहे तोच उद्याच्या वाईट वर्षात कामाला येतो, म्हणून पन्नासभर रोपांतून बी घ्या.

वालाच्या पहिल्या तोडीच्या शेंगा खाऊ नका. हे घरातल्या लहान पोरांनाही सांगून ठेवावं लागतं. पहिल्या, भरदार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, नंतरच्या ताटात. वांगं बियाण्यासाठी पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवा, काकडी पार पिवळी होऊ द्या, मिरची लालभडक. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून धुतला की बी मोकळं होतं.

पाचवी पायरी: वाळवण आणि साठवण

इथे जरा थांबून वाचा, कारण बँका इथे बुडतात.

पहिल्या वर्षी आमच्या गटाला एका आजींनी दोन किलो काळा वाल दिला होता. माघात निघाला, आम्ही दोन उन्हं दिली, काचेच्या सुंदर बरण्यांत भरला, चिठ्ठ्या लावल्या. वैशाखात झाकण काढलं तर दाण्यादाण्याला भोक होतं. सगळा वाल भुंग्याने नेला होता. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडे त्यातला मूठभरच उरला होता. त्या मुठीतून वाण पुन्हा उभा करायला तीन हंगाम गेले. तेव्हापासून आमचा पहिला नियम असा: कुठलाही वाण एका घरात ठेवायचा नाही. तीन घरं, तीन गाडगी.

भुंग्याची अंडी शेतातूनच येतात, शेंगेवर किंवा दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. म्हणून कडधान्याला कडक वाळवण लागतं. सकाळचं आणि उतरतं ऊन द्या. दुपारी बारा ते तीन या वेळात बी सावलीत ओढा. डांबरी रस्त्यावर किंवा तापलेल्या पत्र्यावर तर कधीच नको, बी भाजून निघतं. गोणपाटावर किंवा सारवलेल्या अंगणात पातळ पसरा आणि हाताने फिरवत राहा. रात्री दव पडायच्या आत घरात.

वाळलं कसं ओळखायचं? भाताचा दाणा दाताखाली कट् आवाज करून तुटला पाहिजे. भोपळ्याचं बी वाकवल्यावर वाकता कामा नये, मोडलं पाहिजे. खात्री नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडं बी आणि मूठभर कोरडं मीठ घालून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला किंवा बियांना चिकटलं तर बी अजून ओलं आहे. ढोबळ हिशेब सांगायचा तर तृणधान्यात ओल बारा टक्क्यांवर आणि कडधान्यात नऊ टक्क्यांवर आणावी. ओल एका टक्क्याने उतरली की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. त्यामुळे आणखी एक ऊन दिलेलं कधी वाया जात नाही.

भरताना बी पूर्ण थंड होऊ द्या. ऊन-ऊन भरलं तर आत घाम धरतो. कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा गोडेतेल हाताने चोळा, त्यावर भुंग्याची अंडी जगत नाहीत. गाडग्यात तळाला चाळलेली थंड राख आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, मग बी, वर दोन बोटं राख. तोंडाला फडकं बांधून शेणमातीने लिंपा. काचेची बरणी वापरायची तर भाजून थंड केलेल्या तांदळाची पुरचुंडी आत टाका, ती ओल शोषून घेते. मक्याची कणसं जुन्या रीतीने चुलीवरच्या धुरात टांगलेली उत्तम. कडधान्याची गाडगी एका महिन्याने उघडून बघा. भुंगा दिसायचा असेल तर तोवर दिसतो आणि तेव्हा बी वाचवता येतं.

सगळं बी सारखं जगत नाही. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं. मिरची, भेंडी दोनेक वर्षं, वांगी, टोमॅटो आणि वेलवर्गीय भाज्या नीट ठेवल्या तर तीन-चार वर्षं. कुठलं गाडगं आधी रानात जायचं ते यावरून ठरवा.

सहावी पायरी: उगवण बघा

आपल्याकडे घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात आणि नवव्या दिवशी कुठलं चांगलं उगवलं ते घरातले सगळे बघतात. रब्बीच्या तोंडावर केलेली ही बियाण्याची पाहणीच आहे. खरिपासाठी तेच चैत्र-वैशाखात करा. न निवडता सरसकट शंभर बिया मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी सरळ, सशक्त कोंब मोजा. भाताचे ऐंशी, मूग-तुरीचे पंचाहत्तर, हरभऱ्याचे पंचाऐंशी निघाले तर प्रमाणित बियाण्याच्या तोडीचं बी तुमच्या घरात आहे. साठच निघाले तर टाकू नका, पेरताना प्रमाण वाढवा आणि त्या वाणाला यंदा नक्की रानात न्या. भाताला पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा. तरंगलेलं पोचट बी काढून टाका, बुडालेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा.

सातवी पायरी: देवघेव

बहुतेक ठिकाणी "एक किलो न्या, दोन किलो परत द्या" असा नियम असतो. तो चालतोही. पण आमच्या डोंगरातल्या लोकांनी सावकाराची वाढीदिढी भोगलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडी पायली न्यायची, सुगीला दीड पायली मोजायची. बियाणं देताना मापाला माप चढवलं की वृद्ध माणसांच्या कपाळावर आठी येते, ती मी पाहिली आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं: नेलं तेवढंच परत द्या, आणि वरच्या वाढीऐवजी गावातल्या किंवा नात्यातल्या दोन घरांना एकेक पसा द्या. त्या दोन घरांची नावं वहीत लिहायची. याने कोठीतला साठा हळू वाढतो हे खरं, पण वाण पसरतो, आणि कोठीला उंदीर लागले तरी तो गावातून जात नाही.

पीक बुडालं तर काही मागायचं नाही, फक्त येऊन सांगायचं. परत आलेलं बी मात्र पाखडून, दाताखाली तपासूनच घ्या. इथे भीड ठेवली तर दोन वर्षांत वाण भेसळीचा होतो. देवघेवीचा दिवस अक्षय्य तृतीयेचा धरा. त्या दिवशी वेलाच्या भाज्यांची बी लावायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे, वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही.

कायदा आणि ग्रामसभा

"बियाणं विकलं तर पोलीस येतील" अशी भीती घातली जाते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चं कलम ३९ शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी जपायचा, पेरायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क देतं. अगदी संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली कुणी आपल्या नावावर नोंदवलेल्या वाणाचंसुद्धा. बंधन एकच: ब्रँडचं नाव छापून, पाकीटबंद करून असं बी विकता येत नाही. गावाचा स्वतःचा वाण या कायद्याखाली शेतकरी वाण म्हणून नोंदवताही येतो आणि शेतकऱ्यांना त्याची नोंदणी फी नाही. अर्जासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, पण दोन-तीन वर्षांची नोंदवही हातात असल्याशिवाय जाऊ नका.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वाणांची, झाडाझुडपांची आणि जनावरांची नोंद. बऱ्याच गावांत ती कपाटात असते. १ मेच्या ग्रामसभेत ती वाचायला मागा आणि तुमच्या वाणांची नोंद त्यात करून घ्या. त्याच सभेत एक कोरडी खोली किंवा कपाट मागा. पैसे मागण्यापेक्षा हे लवकर मिळतं.

खाल्लं तरच राहील

आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, जळगावची भरिताची वांगी यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी ओळख, मिळालं आहे. पण मानांकनाच्या किती तरी आधी ते वाण टिकले ते चवीमुळे. तुमच्या वाणालाही ताट मिळवून द्या. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, त्या दिवशी परसातल्या भाज्यांची एकत्र पंगत करा. अंगणवाडीत, शाळेत महिन्यातून एक दिवस गावचा तांदूळ शिजू दे. पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांना मूठभर बियाणं पाठवून भागणार नाही. त्यांना सुगीआधी सांगा की अमुक घरचा पाच किलो काळा वाल तुमच्या नावावर ठेवतोय, पैसे आत्ता द्या. शेतकऱ्याला पेरताना गिऱ्हाईक माहीत असेल तर तो तो गुंठा दुसऱ्या कशाला देत नाही.

मृगाच्या आधी

रोहिणीत गाडगी उघडली की प्रत्येक वाणाचं बी तीन वाटे करा. दोन वाटे रानात, एक वाटा पुन्हा राखेत. ७ जूनला मृग निघतो, दोन सरी पडतात, सगळे पेरतात, आणि मग पाऊस तीन-तीन आठवडे दडी मारतो. हे आता दर काही वर्षांनी घडतंय. दुबार पेरणीची वेळ आली की दुकानात रांग लागते, आणि त्या रांगेत आजीचा पावटा मिळत नाही. तिसरा वाटा त्याच वेळेसाठी आहे. दुबार पेरणी करावी लागली नाही तर पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत तो उघडू नका, कितीही मोह झाला तरी.